बोळे की हेडफोन?

ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार व्यापारी भागात दिवसा ६५ डेसिबलची मर्यादा आहे. अंधेरीच्या रस्त्यांना हे ऐकू गेलं नसावं. हॉर्न चालू असणार. २०२०च्या सुमारास मुंबई वाहतूक पोलिसांनी काही चौकांत ८५ डेसिबल ओलांडले की लाल सिग्नल लांबवून पाहिला. हॉर्न पुरून उरले.

मग अंधेरीच्याच सीप्झमधल्या ऑफिसातला नोकरदार हप्त्यांवर नॉइज कॅन्सलिंग हेडफोन घेतो. तो एसीची सलग घरघर गिळतो, पण शेजारच्या टेबलावरचं ‘अरे, ऐकलंस का?’ बरंचसं आत सोडतो. औषधाच्या दुकानातले फोमचे बोळे स्वस्त आणि अधिक निःपक्षपाती. तरी हेडफोनच घ्यावा, हवं तर बंद ठेवावा. बोळे कुणाला दिसत नाहीत. हेडफोन दिसला की साहेबांची हाक ऐकू न येणं अधिकृत ठरतं.