बिझनेस लॅपटॉप : बाळगण्याची शास्त्रोक्त पद्धत

कुठेही नेता यावा म्हणून जादा पैसे मोजून घेतलेला आणि नंतर भिंतीवरच्या सॉकेटपासून दोन हातांवर कायमचा मुक्काम ठोकलेला संगणक म्हणजे बिझनेस लॅपटॉप. घरगुती लॅपटॉपपेक्षा तो काळा असतो, महाग असतो आणि त्याच्यापुढे बसलेला माणूस कामात आहे असे घरचे समजतात. या घराण्याचा मूळपुरुष म्हणता येईल असा थिंकपॅड आयबीएमने १९९२ साली बाजारात आणला. २००५ मध्ये हा व्यवसाय लेनोवोकडे गेला. पण काळा रंग आणि जी, एच व बी या कळांच्या बेचक्यातला लाल ठिपका तसाच राहिला. हा ठिपका कर्सर हलवण्यासाठी असतो. बहुसंख्य मालक अधूनमधून त्यावरची धूळ पुसतात; याहून अधिक त्रास त्याला देत नाहीत.

वीज

अशा लॅपटॉपबरोबर साधारणपणे ६५ वॅटचा अडॅप्टर मिळतो. टाइप-सी असेल तर तो २० व्होल्टला ३.२५ अँपिअर देतो. १०० ते २४० व्होल्टपर्यंत काहीही त्याला चालते, त्यामुळे पुण्यातले २३० आणि न्यूयॉर्कमधले १२० व्होल्ट त्याला सारखेच. अडचण येते ती फक्त घरातल्या एक्स्टेन्शन बोर्डाची. अडॅप्टरला तीन पिना असतात आणि बोर्डाला भोके दोन. प्रचलित पद्धतीनुसार मालकाने दहा रुपयांचा टू-पिन कन्व्हर्टर आणावा व अर्थिंगची पिन हवेत सोडून द्यावी. लवकरच लॅपटॉपच्या धातूच्या कडेवर मनगट टेकले की हाताला मुंग्या येऊ लागतात. अडॅप्टरमधल्या फिल्टरमधून झिरपणाऱ्या अतिसूक्ष्म प्रवाहाला जमिनीकडे वाट मिळत नाही, म्हणून हे घडते. यावर अर्थिंग असलेल्या सॉकेटात थ्री-पिन लावणे हा एकच उपाय आहे. पण मालकाने पायात चप्पल घालून काम सुरू ठेवावे, अशी रूढी आहे.

चार्जर घरी विसरल्यास ऑफिसात कोणाचाही टाइप-सी चार्जर मागावा. पिन बसली म्हणजे काम झाले, असा समज ठेवावा. फोनचा १८ वॅटचा चार्जर लावल्यावर ‘चार्जर मंद आहे’ अशी सूचना येते आणि चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपची बॅटरी उतरत जाते. याबद्दल आयटीवाल्यांकडे तक्रार करावी.

लाइट गेली तरी लॅपटॉप पाच तास चालतो. वायफायचा राऊटर मात्र त्याच क्षणी बंद पडतो. मालकाने अशा वेळी फोनच्या हॉटस्पॉटवर मीटिंगमध्ये परत यावे आणि ‘माझा आवाज येतोय का?’ असे तीनदा विचारावे.

बॅटरी

बॅटरी किती तास चालेल हे खोक्यावर छापलेले असते. तो आकडा ब्राइटनेस कमी करून, एकच व्हिडिओ सलग चालवून काढलेला असतो. म्हणजे मालकाने अंधारात बसून, काहीही काम न करता सिनेमा पाहिला तर तो आकडा गाठता येतो. ५० वॅट-अवरची बॅटरी आणि १० वॅटचा खप असेल तर पाच तास मिळतात; ब्राउझरचे चाळीस टॅब आणि व्हिडिओ मीटिंग यांनी खप २० वर नेला की अडीच.

लॅपटॉप नवा आणल्यावर ‘पहिल्यांदा आठ तास चार्ज कर, मग पूर्ण उतरव’ असे सांगणारे काका प्रत्येक घरात असतात. हा सल्ला निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातला आहे. आजच्या लिथियम-आयन बॅटरीला ती सवय नाही. तिचा सेल साधारण ४.२ व्होल्टला पूर्ण भरतो, आणि भरलेल्या अवस्थेत तापत राहणे हेच तिला सर्वांत घातक असते. म्हणून बहुतेक बिझनेस लॅपटॉपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय दिलेली असते. मालकाने ती सोय बंद ठेवावी. पैसे १०० टक्क्यांचे मोजले आहेत.

पिशवीत घालताना लॅपटॉप शटडाउन न करता नुसते झाकण मिटावे. आत अपडेट सुरू होते, पंख्याला हवा मिळत नाही आणि क्लायंटच्या ऑफिसात पिशवीतून इस्त्रीसारखा गरम, बॅटरी संपलेला लॅपटॉप बाहेर येतो. १९६२ च्या आयकर नियमांत संगणकाला वर्षाला ४० टक्के घसारा धरला होता. अशी वागणूक मिळालेली बॅटरी तो नियम न वाचताच पाळू पाहते.

टचपॅड वर उचललेला दिसला किंवा झाकण नीट मिटेना, तर मात्र विनोद बाजूला ठेवावा. बॅटरी फुगली आहे. चार्जिंग तात्काळ बंद करावे, ती दाबू नये, टोचू नये, कचऱ्याच्या डब्यात टाकू नये आणि लॅपटॉप सरळ सर्व्हिस सेंटरला न्यावा.

स्क्रीन

बिझनेस लॅपटॉपची स्क्रीन मॅट असते, म्हणजे तिच्यात मालकाचा चेहरा दिसत नाही. ही तिची पहिली सोय. स्वस्त मॉडेलमध्ये २५० निट्स उजेडाची स्क्रीन येते, ती ऑफिसात पुरते आणि खिडकीशेजारी हरते. स्वस्त पॅनेलवर रंगही फिके पडतात : कंपनीचा लाल लोगो भगव्याकडे झुकतो आणि मार्केटिंगवाले छापखान्याशी भांडतात.

स्क्रीन मऊ, किंचित ओलसर कापडाने पुसावी असे माहितीपत्रक सांगते. प्रत्यक्षात शर्टाची बाही किंवा काचा पुसायचा फवारा वापरला जातो. फवाऱ्यातली रसायने मॅट थर खातात. स्क्रीन फोडायची असल्यास की-बोर्डवर पेन ठेवून झाकण मिटावे. याहून खात्रीची पद्धत नाही.

मीटिंगमध्ये स्क्रीन शेअर करताना एकच खिडकी शेअर करण्याची सोय असते. मालकाने तरीही पूर्ण स्क्रीनच शेअर करावी. तिमाही विक्रीचा आलेख समजावत असताना उजव्या कोपऱ्यात ‘भिशीचे पैसे कधी देणार?’ हा निरोप उमटतो आणि आलेखापेक्षा तो सर्वांच्या नीट लक्षात राहतो.

अर्थिंगचे सॉकेट, ८० टक्क्यांची मर्यादा, शटडाउन आणि मऊ कापड हे चार उपाय केले तर लॅपटॉप वर्षानुवर्षे विनातक्रार चालतो. चारही उपाय जवळजवळ फुकट आहेत, आणि त्यांची जाहिरात कोणी करत नाही यामागे दुसरे कारण नाही.