कंधे की बगल?

अहो वहिनी, ते कपडे राहू द्या घडीभर, या इकडे भिंतीजवळ. काल संध्याकाळी आमच्या अंगणात काय झालं ते कळलं का तुम्हाला? अख्खी गल्ली गच्चीवरून बघत होती आणि तुम्ही नेमक्या नळाला पाणी आलं म्हणून मागच्या बाजूला. हो, तेही खरंच म्हणा. आपल्या गावात नळ आला की पंगतीतलं माणूससुद्धा उठून जातं.

तर आमची धाकटी. तिने कॉलेजात एनसीसी घेतलीय ना, 26 जानेवारीच्या दिल्लीच्या कॅम्पासाठी निवड चाललीय सध्या. म्हणून रोज फावड्याचा दांडा घेऊन अंगणात उभी राहते. हुकूम तिचाच, शिपाई तीच. काल ओरडली, "बगल शस्त्र!" आणि दांडा उजव्या कुशीला उभा धरला. तशी पलीकडून आवाज आला, "चूक!"

आबा. दुसरं कोण? ब्याऐंशी वर्षांचा माणूस, गुडघे गेलेले, पण आवाज पडवीतून थेट रस्त्यापर्यंत. काठी टेकत आले भिंतीशी, म्हणाले, "पोरी, आण तो दांडा इकडे." काठी भिंतीला टेकवली, दांडा घेतला, आणि वहिनी, खोटं नाही सांगत, तो वाकलेला माणूस सरळ झाला की हो! "कंधे शस्त्र," स्वतःशीच म्हणाले. दांडा उजव्या अंगाने वर उडवला, डाव्या हाताने झेलला. मधे "दो-तीन" असं पुटपुटले. मग डाव्या खांद्यावर, खालचं टोक डाव्या तळहातात. परत "दो-तीन". आणि उजवा हात सपकन मांडीला. तीन हालचाली. आजी म्हणतात, दुधाची पिशवी उचलताना ह्यांचा हात थरथरतो. काल काही थरथरला नाही.

आबा बेळगावचे, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीचे. 1961 ची भरती. बेळगावच्या त्या मैदानावर नऊ महिने रगडले त्यांना. ड्रिलचा उस्ताद म्हणे काखेत छडी घेऊन यायचा, आणि कुणाच्या हातून रायफल पडली की ओरडायचा नाही, नुसतं विचारायचा, "तिच्याआधी तू का नाही पडलास?" मग तो रिक्रूट रायफल डोक्यावर धरून मैदानाला चकरा मारायचा, बाकीच्यांचं जेवण होईपर्यंत. खिळ्यांचे बूट, चार किलोची रायफल आणि माथ्यावर ऊन. हे सांगताना आबांच्या तोंडावर दुःख बिलकूल नव्हतं बरं का. माहेरचं सांगावं तसं सांगत होते.

एवढ्यात सुभेदारकाका आले. ते आपल्या छावणीच्या गुरुवारच्या बाजारातून परतत होते, हातात मेथीच्या जुड्या. फाटकातूनच म्हणाले, "आबा, पोरीचं बरोबर आहे. आता बगल शस्त्रच असतं. तुमचं कंधे शस्त्र गेलं थ्री-नॉट-थ्रीबरोबर."

झालं! आता तुम्हाला ह्या दोघांचं माहीतच आहे. हुद्दा सुभेदारांचा मोठा, आबा हवालदारावर पेन्शनीत आले. पण आबा भरती झाले तेव्हा सुभेदार अजून रांगत होते. त्यामुळे कुणी कुणाला सलाम करायचा हा प्रश्न गेली कित्येक वर्षं गल्लीत सुटलेला नाही. शिवाय सुभेदार महार रेजिमेंटचे, त्यांचं सेंटर मध्य प्रदेशात सागरला. आबा त्यांना चिडवतात, "तुमची रेजिमेंट 1941 ची, माझी पलटण 1768 ची." मग सुभेदार म्हणतात, "आणि आमची उभी कुठे राहिली, सांगा? तुमच्याच बेळगावात!" हे दोघं दिवाळीलासुद्धा हेच बोलतात. फराळ हातात.

पण काल सुभेदारकाकांनी मेथी ओट्यावर ठेवली आणि नीट समजावून सांगितलं, मलासुद्धा कळलं बघा. जुनी थ्री-नॉट-थ्री म्हणजे सगळं लाकूड, पोटाखाली दहा गोळ्यांचं छोटंसं मॅगझिन. ती खांद्यावर आडवी छान बसते. बासष्टच्या लढाईनंतर एसएलआर आली, आपल्याच ईशापूरच्या कारखान्यात बनलेली. तिला खाली पिस्तुलासारखी मूठ आणि पुढे वीस गोळ्यांचं मॅगझिन बाहेर आलेलं. ती खांद्यावर टाकायला गेलं तर मॅगझिन गळ्याच्या हाडात रुतणार. म्हणून मग ती उजव्या बाजूला उभी धरायची, मूठ हातात, डावा हात फक्त आडवा येऊन आधार देऊन जाणार. हेच ते बगल शस्त्र. म्हणजे कुणा साहेबाच्या लहरीने हुकूम बदलला नाही हो, रायफलीचा आकार बदलला म्हणून माणसाचा हात बदलला.

आबा ऐकत होते. मग हळूच म्हणाले, "मला काय एसएलआर ठाऊक नाही? एकाहत्तरला तीच होती हातात."

मग मी विचारलं, "अहो आबा, मग तुम्हालाही बगल शस्त्र येत असेल ना?"

"येतं की. पण दांडा हातात आला की खांद्याकडेच जातो."

मला वाटतं वहिनी, सगळी गंमत इथेच आहे. पुढे दहा वर्षं दुसरी रायफल वापरली तरी पहिल्या नऊ महिन्यांचं हाडात राहतं. सुभेदारांचंही तेच. त्यांचा भाचा इन्सासवाला, कारगिलच्या आगेमागे भरती झालेला. तो कधी आला की म्हणतो, "मामा, आमची तुमच्यापेक्षा आखूड, गोळीसुद्धा बारीक." त्यावर सुभेदार असं तोंड करतात जसं कुणी वरणात साखर घातलीय. त्यांच्या मते शेवटची खरी रायफल म्हणजे एसएलआर. आबांच्या मते थ्री-नॉट-थ्री. भाचा म्हातारा झाला की इन्सासचं हेच म्हणेल, लिहून ठेवा. तिच्या जागी आता आणखी नव्या रायफली आल्याच आहेत म्हणे.

सुभेदार काही हार मानणारे नव्हते. म्हणाले, "आबा, दिल्लीला इंडिया गेटखाली 1972 साली अमर जवान ज्योत लावली, तिथे हेल्मेट घालून उलटी उभी केली ती रायफल कुठली? एसएलआर. थ्री-नॉट-थ्री नाही."

आबांनी लगेच उत्तर दिलं, "आणि बासष्टला थंडीत बोटं आखडलेली असताना दर गोळीला बोल्ट मागे ओढत होतो, ती कुठली? त्या पोरांसाठी कुणी कुठली उभी केली?"

सुभेदार गप्प. आम्ही सगळेच गप्प. आमच्या धाकटीला कुठे काय बोलावं ते कळत नाही, ती विचारते, "आबा, शोक शस्त्र कसं करतात ते दाखवा ना." ते हो, रायफलीची नळी बुटावर टेकवून मान खाली घालतात ते. गावात एखाद्या जवानाला आणतात तेव्हा बघितलंय आपण. तर दोघंही एकदम म्हणाले, "अंगणात नाही करायचं ते." अगदी एका सुरात. एवढ्या वर्षांत त्यांचं एकमत मी पहिल्यांदाच ऐकलं.

मग वातावरण जरा सैल करावं म्हणून आजींनी चहा आणला आणि आबांची वाट लावली. म्हणाल्या, ह्या माणसाने उन्हाळ्यात कुलरची नळी तुंबली तर प्लंबर बोलावला नाही. दोरीला कापडाची चिंदी बांधली, दुसऱ्या टोकाला वजन, आणि पुल-थ्रू करून नळी साफ केली, वर उजेडाकडे धरून एक डोळा मिटून आतून बघितली सुद्धा! आणि छत्री बघा त्यांची. बंद छत्री मधोमध धरून, जमिनीला आडवी, हात खाली सोडलेला. त्याला तोल शस्त्र म्हणतात म्हणे, लाइट इन्फंट्रीवाल्यांची लाडकी चाल. बाकीच्या बहुतेक पलटणी मिनिटाला 120 पावलं टाकतात, हे लोक 140. आजी म्हणाल्या, "लग्न झाल्यावर बेळगावच्या बाजारात मी ह्यांच्यामागे पळतच होते. लोकांना वाटायचं भांडण झालंय."

सुभेदार हसले, पण त्यांचंही काही कमी नाही. त्यांचा धाकटा साडू आपल्याकडच्या त्या पर्यावरण बटालियनमध्ये होता, 2017 ला इथे उभी राहिली ती, माजी सैनिकांची, झाडं लावणारी. महार रेजिमेंटचीच. तर सुभेदार एकदा बघायला गेले आणि खड्डे खणून झाल्यावर फावडी कशी वेडीवाकडी टाकलीत म्हणून साडूला बोल लावून आले. "भूमि शस्त्र असं असतं का?" म्हणे. साडू अजून त्यांच्याकडे जेवायला येत नाही.

बरं, पुढे काय ठरलं ते ऐका. धाकटीला कॅम्पात बगलच विचारणार, म्हणून सुभेदार ते शिकवणार, रोज पाच ते सहा. पण उभं कसं राहायचं, हनुवटी कुठे, नजर कुठे, टाच कशी आपटायची, ते आबांकडे. खुर्ची टाकून बसणार आहेत भिंतीशी. सुभेदार म्हणाले, "सावधान तर दोन्ही रायफलींचं सारखंच असतं." आबा म्हणाले, "नाही. तुमचं ढिलं असतं." आणि येत्या 17 सप्टेंबरला दोघं सिद्धार्थ उद्यानात जाणार आहेत झेंडावंदनाला. मुक्तिसंग्राम दिनाला तिथे पोलीस मानवंदना देतात ना, त्यांची सलामी शस्त्र बघायला. मी म्हटलं, "आबा, मुख्यमंत्री येतात, भाषण ऐकायला चाललात का?" तर म्हणतात, "भाषण कोण ऐकतंय? उजवा पाय मागे किती जातो ते बघायचंय."

धाकटीची मात्र दैना आहे. काल एक तासाचं झालं सव्वादोन तास, आणि दोघांनी मिळून तिला एक हालचाल सुद्धा पास केली नाही. सकाळी म्हणत होती, कॅम्प परवडला.

आणि हो, मुख्य गोष्ट राहिलीच. सुभेदारकाका उद्या छावणीत कँटीनला जाणार आहेत. तेल, साबण, काही हवं असेल तर आजच चिठ्ठी द्या. फक्त त्यांच्यासमोर आबांचं नाव काढू नका, नाहीतर तुमची चिठ्ठी खिशातच राहील.