सुटे पैसे द्यावेत

नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही मंडळीत पाळकसाहेब बदलतात, बिशप बदलतात, तबल्यावरचा पोरगा बारावी झाला की पुण्याला जातो. बदलत नाही तो खजिनदार. वार्षिक सभेत तो दर वर्षी म्हणतो, "आता तरुणांनी पुढं यावं." तरुण मोबाइलात बघतात, चार म्हातारे "तुम्हीच हो काका" म्हणतात, आणि वह्या परत त्याच्याच पिशवीत जातात.

आमचे खजिनदारकाका एसटीत कंडक्टर होते. तारकपूर डेपोतून निवृत्त होताना त्यांनी खाकी गणवेश आणि तिकिटांचं मशीन तेवढं जमा केलं. कानावरचं पेन, बोटांच्या बेचक्यात उभ्या घडीच्या नोटा धरायची लकब आणि माणसाच्या तोंडाकडे न बघता हाताकडे बघायची सवय हे सगळं ते थेट देवळात घेऊन आले.

दानार्पणाच्या वेळी बाकीचे पंच थैली पुढे धरतात आणि भिडेखातर छताकडे बघतात. काका थैलीत बघतात. कुणी पाचशेची नोट चाचपत घुटमळला की वाकून विचारतात, "किती घेऊ?" तो पुटपुटतो, "पन्नास." इकडे पेटीवर गीताचं दुसरं कडवं सुरू होतं आणि ते संपायच्या आत साडेचारशे रुपये त्याच्या मुठीत परत आलेले असतात. नव्याने बदलून आलेल्या एका पाळकसाहेबांना हे सोसलं नाही. देवापुढे ठेवलेल्यातून परत काढायचं म्हणजे काय, असं त्यांनी उपासना सुटल्यावर विचारलं. काका म्हणाले, "साहेब, पाचशे तो टाकणारच नव्हता. दुसऱ्या खिशात दहाची होती, तिच्याकडं हात चालला होता. मी पन्नास काढले." साहेबांनी हिशेब करून पाहिला आणि पुढच्या रविवारपासून प्रार्थनेत डोळे जरा जास्त घट्ट मिटले.

जी नोट किराणावाला घेत नाही ती देवाला चालते, असा आमच्याकडे एक मूक समज आहे. काकांना तो मान्य नाही. चिकटपट्टी लावलेली नोट पुढच्या रविवारी पायरीवरच मूळ मालकाला परत मिळते, "सलाम, बरंय ना?" याच्या पाठोपाठ. मालक कोण हे त्यांना कसं कळतं, हे विचारायची कुणाची छाती नाही.

त्यांच्या या कडकपणामागे इतिहासाचा एक सिद्धान्त आहे, आणि चहा मिळाला तर ते तो पूर्ण सांगतात. अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली नगरला आलं. शाळा आल्या, दवाखाने आले, १८४२ साली 'ज्ञानोदय' निघालं, पुढे रेव्हरंड टिळकांनी भजनं दिली. "सगळं दिलं, पण एक वाईट सवय लावली," काका म्हणतात. "कौल फुटला की म्हातारे सांगायचे, मिशनला पत्र लिहा. मिशन गेलं, १९७० साली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, दारावरची पाटी बदलली. पत्र लिहायची खोड काय गेली नाही." माझ्या मते यात मिशनवर थोडा अन्याय आहे. मंडळ्यांनी आपल्या पायावर उभं राहावं म्हणून मिशनऱ्यांनी कमी कानीकपाळी ओरड केली नव्हती. पण काकांपुढे हे बोललं की ते वहीचं जुनं पान उघडतात, आणि त्यात कुणाच्या आजोबांचं नाव निघेल याची खात्री नसते.

मासिक वर्गणीची वही हे त्यांचं खरं शस्त्र. घरटी एक पान. एरवी ती कपाटात असते, पण लग्न ठरलं की बाहेर येते. लग्नाची प्रसिद्धी पाळकसाहेब उपासनेत तीन रविवार वाचतात, कुणाची हरकत असेल तर कळवावी म्हणून. पहिल्या रविवारी हरकत कुणाचीच नसते. काकांची असते, आणि ती नवऱ्या मुलाच्या बापाला देवळाबाहेर चिंचेखाली कळवली जाते. दुसऱ्या रविवारपर्यंत तीन वर्षांची बाकी भरलेली असते. मंडळीच्या निवडणुकीतही तेच. मतदानाचा हक्क हवा असलेले उमेदवाराचे सगळे चुलतभाऊ एकाच संध्याकाळी पावती फाडायला येतात, तेव्हा काकांना लोकशाही फार आवडते.

दोनेक वर्षांपूर्वी तरुण संघाने क्यूआर कोड आणला. सोबत तो बोलका डबाही आला, पैसे जमा झाले की रक्कम मोठ्याने सांगणारा. पोरांनी तो दाराशी ठेवला होता. काकांनी उचलून वेदीजवळ आणला. पहिल्याच रविवारी पापकबुलीच्या शांततेत बाईचा खणखणीत आवाज आला: "दहा रुपये प्राप्त झाले." अख्खी मंडळी वळली. डबा नाव सांगत नाही, पण फोन हातात एकाच्याच होता. त्याने पुन्हा फोन दाबला. "एकशे एक रुपये प्राप्त झाले." त्यानंतर काही वेळ बाई थांबायलाच तयार नव्हती. पाळकसाहेबांनी उपदेशाचा ठरलेला विषय सोडून, उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, यावर बोलायला घेतलं. काका मान डोलावत ऐकत होते आणि मधूनमधून डब्याकडे बघत होते.

डबा अखेर दाराशी परत गेला, पण वाद मिटला नाही. पाळकसाहेबांनी मंदिराच्या दानकोशात दोन टोल्या टाकणाऱ्या गरीब विधवेची गोष्ट काढली. त्यावर काकांनी जे विचारलं त्याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. ते म्हणाले, "साहेब, दोनच टोल्या टाकल्या हे कळलं कसं? प्रभू दानकोशासमोर बसून, कोण काय टाकतं ते बघतच होते ना? मार्कात स्पष्ट दिलंय. मी तरी दुसरं काय करतो?"

पण काकांचा खरा दिवस हंगामाच्या सणाचा. पैसा नसला तरी शेतातलं काहीतरी प्रत्येक घरातून येतं: बाजरीची कणसं, उसाची मोळी, शेंगा, भोपळा, पाय बांधलेला कोंबडा, जो नेमका शांत प्रार्थनेत आरवतो. उपासनेनंतर अंगणात या सगळ्याचा लिलाव. काका टेबलावर चढतात आणि आवाज अख्ख्या स्टँडवर पोचेल असा लावतात. भोपळ्याचा बाजारभाव त्यांना ठाऊक असतो. त्याहून जास्त ठाऊक असतं ते कुणाचं कुणाशी बांधावरून बोलणं बंद आहे. ते भोपळा उचलून एकापुढे धरतात आणि बघतात दुसऱ्याकडे. बस्स. पन्नासाचा भोपळा बाराशेला जातो. घेणाऱ्याला तेवढ्यात बायकोचा चेहरा दिसतो आणि तो उदारपणे म्हणतो, "घ्या, देवाला परत दिला." भोपळा पुन्हा लिलावात. एका वर्षी एकच भोपळा तीनदा विकला गेला आणि शेवटी पाळकसाहेबांच्या घरी गेला. मंडळीच्या छताचे अर्धे पत्रे प्रभूच्या प्रीतीवर आणि उरलेले त्या बांधावर उभे आहेत, असं मी म्हटलं तर कुणी रागावू नये. एक आजी दर वर्षी आपल्या कोंबडीची चार अंडी आणते आणि लिलावात स्वतःच विकत घेते. बाजारभावाने. तिच्यावर बोली चढवायला काका कुणालाच देत नाहीत; "गेली!" असं पहिल्याच बोलीला ओरडून मोकळे होतात.

हा पैसा जातो कुठे? पाळकांचा पगार, धर्मप्रांताला द्यायचा वाटा, वीजबिल, पेटीचा भाता. पंख्याच्या पात्यावर दात्याच्या वडिलांचं नाव घालून मिळतं, वीजबिलावर नाही, त्यामुळे आमच्याकडे पंखे रग्गड आणि बिल थकलेलं. शिवाय गरजूंचा एक लहानसा निधी आहे. त्याच्या वहीत काका रक्कम आणि तारीख लिहितात. नावाच्या रकान्यात फक्त "एक सभासद". रोख देत नाहीत, औषधाच्या दुकानात नाहीतर शाळेच्या कचेरीत स्वतः जाऊन भरतात.

गेल्या वार्षिक सभेत एका नव्या, हिशेबी सभासदाने यावर बोट ठेवलं. देणाऱ्यांची नावं फळ्यावर खडूने लिहिता, मग घेणाऱ्यांची का नाही? पारदर्शकता हवी. हिशेबतपासनीसांनीही चष्मा पुसला. काका उठले.

"गाडीत पासवाला चढला तर पास बघतो. बघून परत देतो. पास आंधळ्याचा हाय का कॅन्सरवाल्याचा, ते मागच्या सीटपर्यंत ओरडून सांगत नसतो. मी पास बघितलेत. बसा खाली."

सभासद बसेना. नियम काय म्हणतो, असं त्याने विचारलं.

"नियम वाचतो ना," काका म्हणाले, आणि कानावरचं पेन काढून त्यांनी दुसरी वही उघडली. "थकबाकीदारांना सभेत प्रश्न विचारता येत नाही. यादी वाचू का पहिल्या नावापासून?"

सभासदाने खिशातून फोन काढला. दाराशी बाई बोलली.