लंडनचे उभे श्रोते

लंडनच्या साउथ केन्सिंग्टन स्टेशनातून बाहेर पडून, वाटेतल्या बड्या बड्या म्युझियमांचा मोह टाळत उत्तरेकडे चालत गेलं, की लाल विटांची एक अवाढव्य गोल इमारत लागते. हा रॉयल अल्बर्ट हॉल. रस्त्यापलीकडच्या बागेत खुद्द प्रिन्स अल्बर्ट सोन्याचा मुलामा अंगावर घेऊन हॉलकडे तोंड करून बसलेले दिसतात. त्यांनी बसून ऐकायला हरकत नाही, त्यांचा हुद्दाच तसा आहे. पण जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत इथे चालणाऱ्या प्रॉम्स या संगीत महोत्सवाला जो खुर्चीत बसला, त्याने प्रॉम्स पाहिले म्हणावं, ऐकले म्हणू नये, असं माझं ठाम मत आहे.

याला पुरावा तिकिटाचा. संगीताच्या दुनियेत सहसा पैसा पुढे बसतो आणि हौस मागे. इथे सुमारे हजार उभ्या जागांपैकी बहुतेक जागा अरीनात, म्हणजे थेट वाद्यवृंदाच्या पायाशी आहेत, आणि अलीकडच्या हंगामांतही त्यांचं तिकीट दहा पौंडांच्या आत राहिलं आहे. याच हॉलमधल्या बाराशेहून अधिक खुर्च्या 999 वर्षांच्या कराराने खासगी मालकीच्या आहेत. म्हणजे दहा शतकांच्या बोलीने जागा घेतलेला धनी लांबून दुर्बीण लावतो, आणि संध्याकाळपुरता आलेला विद्यार्थी व्हायोलिनवाल्यांचे मोजे कुठल्या रंगाचे आहेत ते सांगू शकतो. एस.टी.त उभं राहणाऱ्यालाही तिकीट पुरंच पडतं. इंग्रजांनी निदान या एका बाबतीत न्याय केला. तोही योगायोगाने नव्हे. 1895 साली क्वीन्स हॉलमध्ये रॉबर्ट न्यूमनने हे जलसे सुरू केले, तेव्हा दर एक शिलिंग होता आणि खाण्यापिण्याला, धूम्रपानालाही मुभा होती. लोकांना आधी सोपं ऐकवायचं, मग हळूहळू अवघडाची गोडी लावायची, हा त्याचा बेत. त्यासाठी पैसे दिले ते घशाच्या एका डॉक्टरने, आणि अट घातली की वाद्यांचा सूर खाली आणा, गायकांचे गळे फाटताहेत! रोगी कमी करण्यासाठी पदरमोड करणारा डॉक्टर इतिहासात विरळा.

यावर शिष्ट रसिक म्हणतात, की हे उभे लोक पोरकट आहेत. पियानोचं झाकण उचललं जाताना अरीनातून ‘हीव्ह’ आणि वरच्या गॅलरीतून ‘हो’ अशी आरोळी उठते. सूर जुळवण्यासाठी कुणी पियानोची एक पट्टी दाबली, तरी टाळ्या पडतात. पोरकटपणा आहे खरा. पण एकदा छडी उचलली गेली, की हीच मंडळी अशी स्तब्ध होतात, की खोकण्याचा मान बहुतेक वेळा खुर्च्यांकडेच जातो. उभ्या माणसाला डुलकी परवडत नाही, हे त्यामागचं शास्त्र. बसलेला माणूस संगीतकार महलरच्या सिम्फनीच्या संथ भागात सुखाने घोरू शकतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: हा हॉल मुळात ऐकण्याजोगाच नाही. 1871 साली उघडला तेव्हापासून त्याच्या घुमटातला प्रतिध्वनी कुप्रसिद्ध. इंग्रज संगीतकाराची रचना दोनदा ऐकू येण्याची खात्री फक्त इथेच, असा विनोद पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. अखेर 1969 साली छताला फायबरग्लासच्या प्रचंड तबकड्या टांगल्या गेल्या आणि घुमणं बरंच आटोक्यात आलं. पण मूळ क्वीन्स हॉल 1941च्या बॉम्बहल्ल्यात जळाल्यावर महोत्सवाला इथे यावं लागलं, आणि आल्यावर जमलं ते या मधल्या मोकळ्या गोलामुळेच. वाद्याच्या इतक्या जवळ उभं राहिलं, की मूळ आवाज आधी कानात शिरतो. घुमटाचा आवाज मागून येतो आणि त्याला फारसं कुणी विचारत नाही.

राहिला उकाडा. तो मात्र खरा, आणि त्याला उत्तर नाही. 1974 साली ‘कार्मिना बुराना’ ही संगीतरचना चालू असताना गायक थॉमस ॲलन मंचावरच कोसळले. श्रोत्यांत आलेल्या एका तरुण गायकाने पुढे येऊन उरलेला भाग गाऊन दाखवला. असा बदली माणूस मखमली बॉक्समधून सापडला असता का, याविषयी मला शंका आहे. पाय दुखतात, घाम येतो, हे प्रॉमर, म्हणजे हे उभे श्रोते, स्वतःच कबूल करतात. अर्धं शतक हे जलसे चालवणाऱ्या हेन्री वुडचा ब्राँझचा अर्धपुतळा ऑर्गनपुढे ठेवलेला असतो. शेवटच्या रात्री प्रॉमर त्याला हार घालतात, आणि त्याआधी रुमालाने त्याच्या कपाळावरचा घामही टिपतात.