उद्या काढायचं म्हटलं तर?

कृष्णेचं पाणी पादुकांवरून वाहत दक्षिण दारानं बाहेर पडायला लागलं, की नृसिंहवाडीत जो तो दक्षिणद्वाराच्या स्नानाला धावतो. आमचे काका तेवढे पोथ्या माळ्यावर चढवत असतात. पुण्य लागतं हे त्यांना मान्य आहे. पण कागदाला बुरशीही लागते!

निवृत्त मास्तर. लखनौची संवर्धन प्रयोगशाळा, मुंबईचं वस्तुसंग्रहालय, कुणाचंही संशोधन हाती लागलं की वाचायचं आणि भेटेल त्याला ऐकवायचं. बासुंदी घ्यायला निघालेल्या पाहुण्याला रस्त्यात गाठून त्यांनी १९६६ साली फ्लॉरेन्सच्या ग्रंथालयात आर्नो नदी कशी शिरली ते सांगितलंय. बिचारा दुकान बंद झाल्यावर पोचला.

चिकटपट्टी दिसली की त्यांचं डोकं फिरतं. “उद्या काढायचं म्हटलं तर निघेल का?” संवर्धनाचा हा मूळ नियम, पण काका तो भिंतीच्या रंगाला लावतात, पुतण्याच्या कर्जाला लावतात. भाचीच्या स्थळालाही लावला, तेव्हा काकू म्हणाल्या, “हे आमच्या वेळी विचारायचं होतं!”

पानं जोडायला मात्र काकूंशिवाय चालत नाही. जपानी कागद काका बाहेरून मागवतात, पण त्याला खळ लागते गव्हाच्या सत्त्वाची. म्हणजे कुरडयांचा चीकच की! काकू गहू भिजवतात, वाटतात, गाळतात. चीक खाली बसला, की मीठ-हिंग पडायच्या आत काका वाटी घेऊन हजर. पातळ शिजवायचा, बोटानं गुठळी चाचपायची, फाटलेल्या कडेवर ब्रश फिरवायचा. तोवर घरात कुणी पंखा लावायचा नाही.

२०१९च्या महापुरात लोक नावेत दागिने, कागदपत्रं घेऊन बसले. काकांच्या मांडीवर शेजाऱ्यांचं भिजलेलं गुरुचरित्र. ओला कागद दोन दिवसांत बुरशी धरतो, गोठवला तर सवड मिळते. जयसिंगपुरात मेहुणीच्या फ्रीजरमधले मटार बाहेर आले, गुरुचरित्र आत गेलं. सोवळ्या-ओवळ्याचं काय, असं मेहुणीनं विचारलं. “उणे अठराला कसलं ओवळं?”

पुढे टिपकागद घालून एकेक पान वाळवलं. शेजारी पोथी न्यायला आले, हरखले, म्हणाले, “आता लॅमिनेशनच करून टाकतो!”

काकांनी पोथी हातातून काढून घेतली. ती अजून त्यांच्याकडेच आहे. शेजारी पारायणाला काकांच्या घरी येतात, हात धुऊन, पुसून; निरांजन चार हात लांब.