मी एक परीक्षा

गेल्या चार वर्षांत घरातलं माझं पद बदललंय. आधी मी नवरा होतो, आता परीक्षा आहे. सौभाग्यवतींच्या सत्संगातल्या ताईंनी तसं जाहीर केलंय. घरातून विरोध झाला की समजायचं, महाराज परीक्षा घेतायत. मी चिडलो तर परीक्षा, गप्प बसलो तर महाराजांची कृपा. माझं काही बरोबर असेल, याची सोयच ठेवलेली नाही.

फ्रिजवर पूर्वी दुधाचा हिशेब असायचा, तिथे आता सेवेचं वेळापत्रक लागलंय. पहाटे पाचला जपाचा आकडा ग्रुपवर टाकायचा. ज्याचा आला नाही त्याची चौकशी ताई सगळ्यांदेखत करतात. कांदा-लसूण तर कधीच हद्दपार. चातुर्मासात माझी आईही कांदा सोडायची, पण आधी कांदेनवमीला भज्यांचा घाणा निघायचा आणि कार्तिकी एकादशी उलटली की कांदा परत यायचा. इथे सुटकेची तिथीच नाही. मी स्टेशनबाहेर भजी खातो आणि बडीशेप चघळत घरी येतो. या वयात लोक चोरून सिगारेट ओढतात, मी चोरून कांदा खातो.

भक्तीशी माझं भांडण नाही. वीस वर्षं ही सोसायटीच्या भजनी मंडळात पेटी वाजवायची, मी पेटीचा हमाल. ‘श्रद्धा एकाच ठिकाणी ठेवा,’ म्हणत ताईंनी ते मंडळ सोडायला लावलं. पेटी आता पलंगाखाली. तुकोबांची बायको आवली भाकरी घेऊन भंडाऱ्याचा डोंगर चढायची आणि वाटभर विठ्ठलाचा उद्धार करायची, असं सांगतात. ‘आवलीशी बोलणं कमी करा’ असा निरोप विठ्ठलाने तुकोबांना धाडल्याचं मात्र कोणी सांगत नाही.

वकील मित्राला विचारलं. तो म्हणाला, हिंदू विवाह कायदा, 1955, कलम 13. जोडीदाराने संसार सोडून संन्यास घेतला तर घटस्फोट मागता येतो. पण हिने संन्यास कुठे घेतलाय? साडेनऊला घरी येऊन आमटी गरम करते. मग 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा? ‘भूत उतरवायला मारहाण केली? चमत्काराच्या नावाखाली लुबाडलं?’ नाही रे, ही आपल्या खुशीने देते. मित्राने चहा मागवला. तसा मला घटस्फोट नकोच आहे, मला रविवार हवाय.

महाराजांना नावं ठेवणं मी बंद केलंय. माझा प्रत्येक टोमणा हिला आश्रमाकडे दोन पावलं ढकलतो, हे जरा उशिरा कळलं. त्याऐवजी एफडीला दोघांच्या सह्या लागतील असं करून घेतलं, आणि मेहुणीला दर पंधरवड्याला जेवायला बोलावतो. ताईंनी तिलाही ‘नकारात्मक’ ठरवलंय. ती तरीही येते, वर येताना शेव-बर्फी आणते.

मागच्या गुरुवारी मीही आश्रमात गेलो. दारात चपला ठेवल्या, पितळी बिल्ला मिळाला, नंबर 214. आत हिने अकरा हजार दिले. मी पावती मागितली. ताई गोड हसल्या. ‘‘भाऊ, श्रद्धेला पावती कशाला?’’

निघताना बिल्ला सापडेना. चपला समोर दिसत होत्या, पण स्वयंसेवक हात लावू देईना. ‘‘बिल्ल्याशिवाय नाही मिळणार, काका. आपल्याकडे हिशेब चोख असतो.’’

मी हिच्याकडे पाहिलं. ही ओठ घट्ट दाबून हसू आवरत होती.