संशयात्मा

भंगारातून जुने संगणक उचलून दुरुस्त करणाऱ्या गृहस्थाला लोक आठवणींत रमलेला भाबडा प्रेमी समजतात. हे साफ चूक आहे. प्रेमी माणूस यंत्र घरी आणल्याआणल्या प्लग लावून मोकळा होईल. हा आठ-आठ दिवस लावत नाही. गीतेने नाश संशयात्म्याचा सांगितला असला, तरी या उद्योगात तो बिनधास्त माणसाचाच होतो. १९८१ चा बीबीसी मायक्रो घ्या. १९८४ पासून ‘क्लास’ योजनेतून तो आपल्याकडच्या शाळांतही आला. त्याच्या पॉवर सप्लायमध्ये विजेतली खरखर दाबणारे कागदी कपॅसिटर असतात. वर्षं सरली की वरचं कवच तडकतं, आतला कागद हवेतली ओल पितो, आणि वीज मिळाल्यावर थोड्याच वेळात फट्ट आवाज होऊन असा उग्र धूर निघतो की शेजारी चौकशीला येतात. गंमत म्हणजे संगणक बऱ्याचदा तरीही चालूच राहतो. ‘चालू आहे’ या शिफारशीवरचा आपल्या गृहस्थाचा विश्वास कायमचा उडालाय, तो यामुळेच.

म्हणून तो आधी झाकण काढतो. बोर्डावरची बॅटरी गळलेली असली, तर तिथला हिरवट थर व्हिनेगरच्या बोळ्याने पुसतो (स्वयंपाकघरातली बाटली कुठे गेली, हे घरच्यांना तेव्हा कळतं). मग सप्लाय बोर्डापासून सोडवून मल्टिमीटर लावतो, पाच व्होल्टच्या जागी पाचच येतात ना, ते बघायला. अनोळखी फ्लॉपी तर तो ड्राइव्हच्या आसपास फिरकू देत नाही. पाकिटाच्या खिडकीतून दिसणारी तबकडी उजेडात तिरकी धरायची, मधल्या भोकात बोट घालून सावकाश फिरवायची आणि बुरशीचे ठिपके शोधायचे. एक बुरसटलेली फ्लॉपी हेडवर घाण सोडते, आणि तेच हेड पुढच्या चांगल्या फ्लॉप्या खरवडत सुटतं. मुलीसाठी आलेलं स्थळसुद्धा इतकं पारखलं जात नसेल.

एवढं करून मिळतं काय, हा घरच्यांचा सवाल रास्त आहे. सीगेटच्या एसटी-२२५ हार्ड डिस्कमध्ये २० मेगाबाइट मावतात, म्हणजे हल्लीच्या मोबाइलचे चार-पाच फोटो. जुने खेळ तर एम्युलेटरवर आयते खेळता येतात. कबूल, पण ते खेळ एम्युलेटरपर्यंत पोहोचले, ते कुणीतरी असल्याच फ्लॉप्या आणि कॅसेटी जपून वाचून उतरवून घेतल्या म्हणून. तो कुणीतरी भाबडा असता, तर पहिल्याच फेरीत चुंबकीय थर सोलून बसला असता. दुसरा आक्षेप मात्र खोडता येत नाही. यंत्र सुरू झालं की याचा त्यातला रस संपतो. पडद्यावर अक्षरं उमटली तरी खेळ वगैरे नाहीच. हा वास घेत बसतो, गरम झाल्यावर काय करतंय ते बघायला. “अहो, झालं ना चालू? मग लावा की झाकण!” यावर त्याचं उत्तर ठरलेलं असतं, “लावतो. स्क्रू नकोत इतक्यात.”